बजेटमध्ये पोरांच्या मनासाठी एक ओळ: आमदारांकडे नेमकं काय मागायचं?

सीनाकाठ
नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी झेडपी शाळेत मास्तर, सोलापूर जिल्हा, माढा-मोहोळचा पट्टा. यंदा, २०२५ च्या सप्टेंबरात, सीना नदीला पूर आला ते टीव्हीवर बघितलंच असेल तुम्ही. आमच्या शाळेत खिडकीपर्यंत पाणी होतं, दप्तरं, पोषण आहाराचा तांदूळ, हजेरीपट सगळं गेलं. आता ते हळूहळू परत येतंय, वह्या तर इतक्या आल्यात की ठेवायला कपाट नाही (कपाटही गेलंच की). पण पोरांच्या मनात काय चाललंय हे कुणी विचारेना. तिसरीतला एक जण आहे, जरा ढग भरून आले की दप्तर उचलतो आणि दारात जाऊन उभा राहतो, बसवलं की परत उठतो. सहावीतली एक पोरगी, गोठ्यातली दोन जनावरं तिच्या डोळ्यादेखत गेली, तेव्हापासून वर्गात तोंडच उघडत नाही, घरी आजीशी तेवढं बोलते म्हणे. मी डीएडला बालमानसशास्त्राचा पेपर दिलाय, ५८ मार्क पडलेत, त्याच्यापुढं आपली अक्कल चालत नाही. केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटावरचे साहेब) विचारलं कुणी समुपदेशक मिळेल का, तर म्हणाले गुरुजी आधी नुकसानीची यादी पाठवा.

टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनला फोन केला, १४४१६. बाई मराठीत आणि अगदी नीट बोलल्या, खोटं कशाला सांगू. पण शेवटी म्हणाल्या मुलीला जिल्ह्याला दाखवून आणा. बाप म्हणतो रान खरवडून गेलंय मास्तर, कुठं नेऊ.

मग १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाचा कार्यक्रम झाला तालुक्याला. शपथ झाली, फोटो झाले, वडापाव झाला. तिथं आमदारसाहेबांचे पीए भेटले, म्हणाले साहेब अधिवेशनात विषय घेतील, पण काय पाहिजे ते एका पानात लिहून द्या. आणि इथं मी अडकलो. दोन दिवस बसलोय आणि कागदावर एकच वाक्य आहे, "मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी वाढवावा". पुढं काय लिहू?

ठाणेकर_७१
मास्तर राग मानू नका पण पोरं आपोआप सावरतात. आमच्या वेळी कुठले समुपदेशक, दोन धपाटे आणि आईच्या हातचा भात. आता सगळ्यालाच ट्रॉमा. त्यात सरकारकडे पैसे आहेत कुठे?

किल्लारी९३
@ठाणेकर_७१ मी सात वर्षांचा होतो ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा. आज एकोणचाळीस. पहाटे चारच्या आसपास अजून जाग येते आणि स्लॅबकडे नजर जाते. आमच्याकडं पत्रे आले, घरं आली, परदेशातनं ब्लँकेटं आली. एवढंच सांगायचं होतं.

ठाणेकर_७१
सॉरी भाऊ. शब्द मागे घेतो. पैशाचा प्रश्न मात्र तसाच ठेवतो.

जुनी_फाईल
मास्तर, मंत्रालयात ३१ वर्षं काढून आता गावाकडे आंब्याला पाणी घालतोय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. "निधी वाढवावा" या पत्राचं आम्ही काय करायचो माहितीये? "निवेदन नस्तीबद्ध करावे." म्हणजे फाईलला लावून बंद. खलास. दुष्टपणा नव्हता त्यात, त्या पत्राला पुढे सरकायला जागाच नसते. कुठल्या विभागाचा निधी, कुठलं लेखाशीर्ष, किती, कशावर? हे नसेल तर टेबलवरचा माणूस तरी काय टिपणी लिहिणार.

आता लेखाशीर्ष म्हणजे काय ते सांगतो कारण सगळी मेख तिथे आहे. अर्थसंकल्प म्हणजे मार्चमधलं शेरोशायरीचं भाषण नव्हे, ते हिरव्या-पांढऱ्या पुस्तकांचे गठ्ठे असतात आणि त्यात प्रत्येक खर्चाची एक ओळ असते, तिला क्रमांक असतो. वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य २२१०, सर्वसाधारण शिक्षण २२०२, सामाजिक सुरक्षा व कल्याण २२३५. त्याखाली उपशीर्षं. ज्याला ओळ आहे त्याला दरवर्षी आपोआप विचारतात की बाबा यंदा किती पाहिजेत. ज्याला ओळ नाही त्याला कोण विचारणार? आणि मुलांच्या मनाला स्वतःची ओळ नाही. थोडं आरोग्यात, मनोरुग्णालयं आणि एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) पोटात. थोडं शालेय शिक्षणात, समग्र शिक्षा या शाळांच्या योजनेच्या पोटात. थोडं महिला बालविकासात, बालगृहांच्या पोटात. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हा तर तीन घरचा.

दुसरं म्हणजे वेळ. लोक मार्चमध्ये आझाद मैदानात येतात. वरातीमागून घोडं! पुढच्या वर्षाची अंदाजपत्रकं विभाग दिवाळीच्या आगेमागे करतात, चालू वर्षाच्या खर्चाचे आठमाही सुधारित अंदाज त्याच सुमारास जातात, मग वित्त विभागाशी चर्चा, आणि जानेवारीत गाडी जवळपास बंद होते. म्हणजे तुमचं पान आत्ता, याच महिन्यात जायला पाहिजे. आमदारांना डिसेंबरात नागपूरला बोलू द्या, पण त्याआधी तेच पान आरोग्य सेवा आयुक्तालय आणि शिक्षण आयुक्तालय दोन्हीकडे पोचलेलं असू द्या.

तिसरं, पद मागू नका. कायम पद म्हटलं की आकृतिबंध (खात्यातल्या मंजूर पदांचा आराखडा) आला, उच्चस्तरीय सचिव समिती आली, दोन वर्षं गेली. सेवा मागा.

रानजाई
मी यवतमाळकडची, बाकी बजेट वगैरे मला कळत नाही पण जुनी_फाईल काकांनी तो "जागाच नसते" म्हटलं ना ते वाचून एकदम आठवलं म्हणून लिहितेय. माझा मुलगा नववीत असताना रोज सकाळी पोट दुखायचं त्याचं, शाळेच्या वेळेलाच, आधी आम्हाला वाटलं नाटकं करतो, मग गावातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग सोनोग्राफी झाली दोनदा, मग सासूबाई म्हणाल्या कुणाची तरी नजर आहे म्हणून एका ठिकाणी अंगारा आणला, असं करत करत सात महिने गेले आणि त्याने शाळा सोडली जवळपास. शेवटी एका सरकारी दवाखान्यात मानसोपचारवाले डॉक्टर बसतात असं कळलं, ते फक्त गुरुवारी, गेलो तर गर्दी सगळी मोठ्या माणसांची, दारूवाले, वेड लागलेले असं माझ्या मुलाला वाटलं, तो दारातूनच परत फिरला. म्हणाला आई मी यांच्यातला आहे का? त्याला मी काय उत्तर देणार होते. नंतर नागपूरला प्रायव्हेटमध्ये नेलं, दर खेपेला गाडीभाडं धरून तीन-साडेतीन हजार, सोनं मोडलं थोडं. आज तो ठीक आहे, आयटीआय करतोय. पण मुलांसाठी वेगळा वार आणि वेगळी खोली एवढं जरी असतं ना तरी ते सात महिने आणि ते सोनं दोन्ही वाचलं असतं.

आणि एक, आमच्या भागात २०१५ ला शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला होता, चौदा जिल्ह्यांत. आशाताई घरोघर येऊन विचारून गेल्या, झोप लागते का, जेवण जातं का, मनात वाईट विचार येतात का. माझ्या मिस्टरांना विचारलं. पोरगा तिथेच बाजूला बसला होता, त्याला कुणी नाही विचारलं. यादीत मुलांचा रकानाच नव्हता बहुतेक.

जुनी_फाईल
@रानजाई ताई, तुम्ही बजेट कळत नाही म्हणता आणि सगळ्यात कामाचं तुम्हीच लिहिलंत. प्रेरणा प्रकल्प हा पूर्वदाखला आहे. शासनाला पूर्वदाखला फार आवडतो. "अमुक विषयात यापूर्वी असे केले आहे" असं लिहिलं की टिपणी निम्मी तयार. मास्तर, हे पहिल्या परिच्छेदात घ्या.

कंत्राटी_माणूस
मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सोशल वर्कर आहे, जिल्हा सांगत नाही, ऑर्डर अकरा महिन्यांची असते राव.

बाहेरच्या लोकांना वाटतं स्कीमच नाही. स्कीम आहे आणि जुनी आहे. राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून, कर्नाटकातल्या बेल्लारीत आधी करून बघितलेल्या मॉडेलवर. कागदावर आमची टीम बघाल तर हेवा वाटेल: मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स, रेकॉर्डला माणूस. बाराव्या पंचवार्षिकच्या गाईडलाईनमध्ये जिल्ह्याला वर्षाला ८३.२ लाखांपर्यंत धरलेत आणि त्यात शाळांमधलं जीवनकौशल्य शिक्षण, समुपदेशन हे पण आहे. एनएचएममधून पैसे, केंद्र ६० राज्य ४०.

आता खरं काय ते ऐका. आमच्याकडे डॉक्टरांची जागा रिकामी, सायकॉलॉजिस्ट मॅडम दुसऱ्या जिल्ह्यात कायम झाल्या त्या गेल्या. उरलो मी आणि सिस्टर. गाडी आम्ही, टीबीवाले आणि तंबाखू नियंत्रणवाले अशी वाटून. शाळेला माझी भेट म्हणजे वर्षातून एकदा, प्रार्थनेनंतर वीस मिनिटं, "ताणतणाव व्यवस्थापन" पीपीटी, लाईट असली तर. एखादं पोरगं नंतर मागे मागे येतं, सर बोलायचंय म्हणतं, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. तो हॉर्न मला घरी पण ऐकू येतो.

आणि मार्चअखेर काय होतं? डॉक्टर नाही म्हणून त्यांच्या पगाराचे पैसे तसेच पडून, ते परत जातात. पुढच्या वर्षी वरून विचारतात गेल्या वर्षीचे खर्च झाले नाहीत मग जास्त कशाला पाहिजेत? म्हणजे माणूस नाही म्हणून पैसा खर्चत नाही आणि पैसा खर्चत नाही म्हणून माणूस देत नाहीत. तेव्हा मास्तर नुसतं "निधी वाढवा" लिहू नका हे काकांचं शंभर टक्के बरोबर. लिहा की मानधन बाजारभावाने द्या. जेवढ्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मागतात तेवढ्यात पुण्यात चांगला रिसेप्शनिस्ट येत नाही.

मृ_ग
मी पुण्यात मानसतज्ज्ञ म्हणून काम करते, मुलांबरोबरच. कायद्याची बाजू देते, पानात उपयोगी पडेल.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्यातलं कलम १८ हे सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवा मिळण्याच्या हक्काचं आहे आणि त्यात मुलांच्या मानसिक आरोग्य सेवा वेगळ्या नावाने लिहिल्यात. रानजाईंच्या मुलाला वेगळी खोली हवी होती ना, मुलांसाठी वेगळी सेवा ही भीक नाहीये, कायद्यात आहे. कलम ३१ तर लोक वाचतच नाहीत: लोकसंख्येच्या प्रमाणात पुरेसे मानसिक आरोग्य कर्मचारी नेमण्यासाठी सरकारने कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत प्रयत्न करायचेत. मोजा. मे २०२८. म्हणजे मधे दोनच मोठी बजेटं उरली, २६-२७ आणि २७-२८.

दुसरं, सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी निर्देश दिले, आंध्रात झालेल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या केसमध्ये. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सोशल वर्कर हवा.

आकड्यांचं म्हणाल तर एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणारी केंद्राची संस्था) २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या, त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. त्याच्या आदल्या वर्षी पण आपणच वर, १,८३४. (यात कॉलेजचे पण आहेत, सगळे लहान मुलं नाहीत, तेवढं लक्षात घ्या नाहीतर समोरचा तिथेच पकडेल.) १३ ते १७ वयातल्या साधारण ७.३ टक्के मुलांना काहीतरी मानसिक त्रास आहे हा निम्हान्सच्या (बंगळूरची मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा आकडा. पण गंमत बघा, ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्या बारात महाराष्ट्र नव्हता. गुजरात होतं, मध्य प्रदेश होतं, छत्तीसगड होतं. म्हणजे आपल्या तीन शेजाऱ्यांना विचारलं आणि आपलं दार वाजवलंच नाही.

सीनाकाठ
मॅडम ते १०० चं वाचून हसू का रडू कळेना. आमच्या शाळेचा पट ४३ आहे! केंद्रातल्या शाळा डोळ्यापुढं आणल्या, शंभराच्या वर पट असलेल्या दोन. म्हणजे कोर्टाचा नियम शहरातल्या शाळेला लागणार, आणि पुराचं पाणी आमच्याकडं. छोट्या शाळांनी काय करायचं असं काही नाही का त्यात?

मृ_ग
आहे, कमी पट असेल तर बाहेरच्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांशी रीतसर रेफरलची सोय करा असं म्हटलंय. पण बाहेरचा माणूस तालुक्यात असला तर ना. तुमच्या पानाचा मुद्दा हाच आहे मास्तर.

एडिसनकर
मी न्यूजर्सीत राहतो. लगेच "तुम्ही तिकडचे" म्हणून हाणू नका, फक्त एक अनुभव. इथे शाळांमध्येच समुपदेशन देणारा राज्याचा एक जुना कार्यक्रम आहे. २०२० मध्ये कोविडच्या तंगीत गव्हर्नरच्या सुधारित बजेटमध्ये त्याला कात्री लावायचं ठरलं. मग मुलांनी, पालकांनी बजेट कमिटीपुढे जाऊन सांगितलं, पत्रं लिहिली, आणि पैसे परत ठेवले गेले. ते होऊ शकलं कारण काय, जुनी_फाईल म्हणतात ती ओळ होती! ओळ कापली हे दिसलं म्हणून लोक ओरडले. जी ओळच नाही ती कापली तरी कुणाला कळणार.

आणि २०२३ पासून इथे एनजेफोरएस नावाचं केलंय, राज्यभर पंधरा केंद्रं आणि तिथून माणसं आजूबाजूच्या शाळांना जातात. शाळेला स्वतःचा माणूस ठेवावा लागत नाही. मास्तरांच्या ४३ पटाला हे बसेल असं वाटतं.

ठाणेकर_७१
हे बरंय. पण पैसे?

हिशोबी_मनुष्य
करतो हिशोब, तेवढंच येतं मला.

प्रकार एक: राज्यात ४,८६० शाळा-केंद्रं आहेत, प्रत्येक केंद्राला एक समुपदेशक, मानधन महिना ४० हजार धरा (धरलंय, कुठला जीआर नाही). ४,८६० गुणिले ४०,००० गुणिले १२ = २३३ कोटी २८ लाख.

प्रकार दोन: तालुक्याला दोन. तालुके ३५८, म्हणजे ७१६ माणसं. तोच दर. ३४ कोटी ३७ लाख. प्रवासभत्ता, खोली, प्रशिक्षण धरून ४५ कोटी म्हणा.

२०२५-२६ चं राज्याचं बजेट ७ लाख कोटींचं. पहिला प्रकार म्हणजे शंभर रुपयांतले साधारण सव्वातीन पैसे. दुसरा म्हणजे अर्ध्या पैशाहून थोडा जास्त. लाडकी बहीणला त्याच बजेटमध्ये ३६ हजार कोटी होते, म्हणजे...

रानजाई
लाडकी बहीणला मधे आणू नका हो दादा. त्या पंधराशेतूनच माझ्या शेजारणीने पोरीला डॉक्टरकडे नेलं. एकाचं काढून दुसऱ्याला द्या असं मागायचं नाही आपल्याला.

हिशोबी_मनुष्य
मान्य ताई, चुकलं. तुलना काढून टाकली समजा.

कंत्राटी_माणूस
प्रकार एक विसरा, ४,८६० प्रशिक्षित माणसं राज्यात मिळणारच नाहीत, मग कुणालाही तीन दिवसांचं ट्रेनिंग देऊन बसवतील. तो धोका मोठा आहे, अर्धवट समुपदेशक पोराला "सकारात्मक विचार कर" म्हणून घरी पाठवतो. तालुक्याला दोन हेच धरा, एमएसडब्ल्यू किंवा एमए सायकॉलॉजी, वर जिल्ह्याला एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्यांना विचारायला. आणि बसायचं दवाखान्यात नको, गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या केंद्रात. तिथे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे समावेशित शिक्षणवाले आधीच असतात, पालकांना तो रस्ता माहीत आहे आणि तिथे गेलं म्हणून कुणी वेडा म्हणत नाही.

जुनी_फाईल
छान जमत आलंय. तीन सूचना.

एक, घर एकच ठरवा, नाहीतर परत तीन घरचा पाहुणा. माणसं गटसाधन केंद्रात बसणार तर ओळ शालेय शिक्षणाकडे, २२०२ खाली, आणि देखरेख आरोग्याच्या जिल्हा कार्यक्रमाकडे. दोन विभाग आले की भांडण होतं म्हणून "संयुक्त शासन निर्णय" हे शब्द पानात लिहाच.

दोन, सगळं राज्य मागू नका. पहिल्या वर्षी पूरग्रस्त तालुके मागा, ती यादी शासनानेच जाहीर केलेली आहे, त्यावर वाद नाही. "नवीन बाब", म्हणजे बजेटमध्ये पहिल्यांदाच येणारा खर्च, म्हणून घाला. अगदी नाहीच म्हणाले तर एक हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद मागा.

सीनाकाठ
एक हजार?? काका चेष्टा करताय का

जुनी_फाईल
नाही हो. एक हजार रुपयांत कुणाचंच समुपदेशन होणार नाही हे त्यांनाही माहितीये. पण हजाराने लेखाशीर्ष उघडतं. एकदा ओळ उघडली की जुलैत पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मधे मागितलेला जादा खर्च) तिच्यात पैसे टाकता येतात, दुसरीकडून वळते करता येतात. ओळ नसेल तर तुमच्या आमदाराने सभागृह डोक्यावर घेतलं तरी पैसे ठेवायला खिसा नाही. मी स्वतः अशा हजाराच्या ओळी कोट्यवधींच्या झालेल्या बघितल्यात. तशाच वर्षानुवर्षं हजारावर मेलेल्या पण बघितल्यात, ते पण सांगतो. म्हणून तीन: दर महिन्याला बीम्सवर, म्हणजे राज्याच्या बजेटच्या वेबसाईटवर, बघायचं, कुठल्या शीर्षाला किती दिले, किती खर्च झाले, सगळं ऑनलाईन दिसतं. खर्च झाले नाहीत तर आमदारांना तारांकित प्रश्न (मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो) लिहून द्यायचा. हे काम मास्तरांनी एकट्याने करू नये, इथे पाच-सहा जणांनी वाटून घ्या.

ठाणेकर_७१
बीम्सचं माझ्याकडे द्या. रिटायर्ड बँकवाला आहे, आकडे बघितल्याशिवाय तसंही झोप येत नाही. पहिल्या पोस्टची भरपाई समजा.

सीनाकाठ
काल रात्री बसून पान केलं, डकवतो. चुका काढा.

"विषय: पूरग्रस्त तालुक्यांतील शालेय मुलांसाठी समुपदेशन सेवा, स्वतंत्र लेखाशीर्ष उघडणेबाबत. १) सन २०१५ मध्ये शासनाने शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प राबविला, त्याच धर्तीवर मुलांसाठी सेवा नाही. २) मा. सर्वोच्च न्यायालयाचे जुलै २०२५ चे निर्देश. १०० पेक्षा कमी पटाच्या शाळांना रेफरलसाठी तालुक्यात व्यक्ती उपलब्ध नाही. ३) मानसिक आरोग्य सेवा कायदा कलम १८ व ३१, मुदत मे २०२८. ४) मागणी: प्रत्येक पूरग्रस्त तालुक्याच्या गटसाधन केंद्रात दोन समुपदेशक, जिल्ह्यास एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, बाजारभावाप्रमाणे मानधन, सेवा स्वरूपात, उपजिल्हा रुग्णालयात मुलांसाठी आठवड्यातून एक स्वतंत्र वार व स्वतंत्र खोली. ५) शालेय शिक्षण व सार्वजनिक आरोग्य विभागाचा संयुक्त शासन निर्णय. ६) सन २०२६-२७ मध्ये नवीन बाब म्हणून तरतूद, किमान लाक्षणिक."

खाली त्या तिसरीतल्या पोराबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, नाव न घालता. ठेवू का काढू?

रानजाई
ठेवा. पण गाव, शाळा काही कळणार नाही असं बघा. लहान गावात एवढ्याशा खुणेवरून पण ओळखतात.

मृ_ग
+१. आणि "पूरग्रस्त विद्यार्थी मानसिक रुग्ण" असा शब्द कुठे येऊ देऊ नका, सध्या नाहीये, पण टाईप करणारा घालेल.

कंत्राटी_माणूस
स्वतंत्र वाराचं टाकलं ते बेस्ट. ते तर पैशाशिवाय पण होईल, सिव्हिल सर्जनने मनावर घेतलं तर सोमवारपासून.

सीनाकाठ
पीएंना व्हॉट्सॲप केलं. म्हणाले गुरुवारी या, सोबत पंचायत समितीचं शिफारस पत्र आणा. काका, ते सभापतींचं लागतं ना? आमच्याकडं सभापतीच नाहीत, कधीपासनं प्रशासक आहे.

जुनी_फाईल
मग गटविकास अधिकाऱ्यांचं घ्या, तेच प्रशासक असतील. गटशिक्षणाधिकाऱ्यांची पण सही घेऊन ठेवा, उद्या ओळ त्यांच्या विभागात उघडायचीय. दोन प्रती न्या, आवक क्रमांक आणि शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आणि गुरुवारी काय झालं ते इथे टाका.